बडोद्यातलं दुर्मीळ मराठी आडनाव : मूळ, अर्थ आणि प्रसार कसा शोधायचा

आडनावाचा अर्थ हवा म्हटलं की बहुतेक जण आधी शब्दकोश उघडतात आणि तिथंच फसतात. दुर्मीळ आडनावाच्या बाबतीत अर्थ सगळ्यात शेवटी बघायचा. पहिला प्रश्न हा, की हे आडनाव सर्वांत जुन्या कागदावर कसं लिहिलेलं आहे. दुसरा, घराणं बडोद्यात केव्हा आणि कशासाठी आलं. तिसरा, त्याआधी ते कुठं होतं. या तिघांची उत्तरं हाती असली तर अर्थाला फारशी मेहनत लागत नाही. ती नसतील तर शब्दकोशातून निघालेला अर्थ कितीही सुरेख असला तरी त्याला कागदाचा आधार नसतो.

बडोदे, इंदूर आणि ग्वाल्हेर या तीन संस्थानांच्या घराण्यांकडे पाहिलं तरी हे कळतं. होळकर हे नीरेकाठच्या होळ गावावरून आलेलं, म्हणजे सरळ गावाचं आडनाव. शिंदे हे कुळाचं नाव. त्यांचं गाव साताऱ्याकडचं कण्हेरखेड, पण आडनावात ते कुठंच दिसत नाही. गायकवाडांबद्दल आख्यायिका अशी, की मावळातल्या किल्ल्यावर असलेल्या पूर्वजानं कसायांच्या हातून गाई सोडवून कवाडातून आत घेतल्या, म्हणून गाय-कवाड. गोष्ट सुबक आहे, पण घराणं खेड तालुक्यातल्या दावडीचं हे सांगण्यासाठी तिची गरज पडत नाही, आणि दावडी माहीत नसेल तर ती गोष्ट काही दावडीला नेऊन सोडत नाही. अशी गोष्ट प्रत्येक घरात एखादी असतेच. ती जशीच्या तशी उतरून ठेवा, सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख टाका, आणि पुढच्या कामाला लागा.

घरातली झडती

दफ्तरखान्यात जाण्याआधी घर नीट पाहायचं. शाळा सोडल्याचे दाखले, जन्मपत्रिका, मुंजी-लग्नाच्या निमंत्रणपत्रिका, पेन्शनचे कागद, घराचे दस्त, सनदा हे तर आलंच. पण दोन जागा लोक हमखास विसरतात.

पहिली म्हणजे माळ्यावरची तांब्या-पितळेची भांडी. हंड्याच्या गळ्यावर किंवा परातीच्या कडेला नाव, कधी सालही ठोकलेलं असतं. अक्षरं झिजली असतील तर भांडं चिंच लावून घासू नका, उरलेलंही जाईल. कोरडं पीठ हलक्या हातानं चोळा म्हणजे खाचा पांढऱ्या दिसतात. मग बाजूनं तिरपा उजेड टाकून फोटो घ्या. अशा भांड्यावर आडनावाचं जे रूप सापडतं ते कुण्या कारकुनानं लिहिलेलं नसतं, घरच्यांनी सांगून घातलेलं असतं. त्यामुळे त्याचं वजन जास्त.

दुसरी जागा देवघर. देव्हाऱ्यातले टाक, म्हणजे देवांच्या प्रतिमा ठोकलेले धातूचे पत्रे, एकेक करून पाहा. घोड्यावरचा खंडोबा किंवा अष्टभुजा भवानी असेल तर त्यावरून प्रांत ठरत नाही, कारण जेजुरी-तुळजापूर हे अर्ध्या महाराष्ट्राचं कुलदैवत. पण एखादं अगदी स्थानिक नाव निघालं, समजा गुहागरचा व्याडेश्वर किंवा कोळिसऱ्याचा लक्ष्मीकेशव, तर शोध एका झटक्यात एका तालुक्यावर येतो. ज्या घरांत देवक (कुळानं पूज्य मानलेलं झाड, प्राणी किंवा वस्तू) पाळतात तिथं देवक कोणतं हेही विचारून घ्या. कुलदैवत, गोत्र आणि देवक यांतलं जे जे मिळेल ते एकत्र लिहून ठेवा. जाधव, पवार, काळे, जोशी अशी आडनावं अनेक जातींत आहेत, आणि दुर्मीळ आडनावंही वाटतात तितकी एकाच घराण्याची नसतात. नुसतं आडनाव जुळलं म्हणून भाऊबंद मानायचं नाही. आणखी दोन खुणा जुळल्या तरच मानायचं.

वयस्कर नातेवाइकांना “आपण मूळचे कुठले?” असं विचारलं तर ऐकीव उत्तर मिळतं. त्यापेक्षा नेमकं विचारा: मुंजीला किंवा लग्नानंतर देवाला कुठं जायचे? आजीचं, पणजीचं माहेर कोणतं? सुतक कुणाकुणाचं पाळायचो? सुतकाच्या उत्तरात भाऊबंदांची अख्खी यादी निघते. त्यात वेगळ्या आडनावाचं एखादं घर आलं तर सोडू नका. घराण्याचं जुनं आडनाव बहुधा त्या घराकडे शिल्लक असतं.

आडनावाची सगळी रूपं मांडा

बडोद्यातल्या मराठी आडनावाला तीन लिप्यांची वाट चालून यावं लागलं आहे: मोडी, गुजराती आणि इंग्रजी. प्रत्येक वळणावर काही ना काही गळतं.

मोडीत ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकाराचा भेद पाळत नाहीत, शब्द सुटे लिहीत नाहीत, वरची रेघ आधी सलग ओढून अक्षरं तिला लटकवतात, आणि घाईच्या लेखनात अनुस्वार कित्येकदा गळतो. म्हणजे आजच्या आडनावातली पहिली वेलांटी किंवा टिंब मूळचं असेलच असं नाही.

गुजरातीत ळ आणि ण दोन्ही आहेत, त्यामुळे मराठीतून थेट गुजरातीत गेलेलं आडनाव बरंच शाबूत राहतं. नुकसान होतं ते इंग्रजीमार्गे गेल्यावर, आणि आजचे संगणकीय कागद बरेचसे त्याच मार्गानं आलेले असतात. फणसे इंग्रजीत गेले आणि परत आले ते “फांसे” होऊन. साठ्यांचे “साथे” होतात, ढवळ्यांचे “धवले”, दळवींचे “दलवी”, आणि काण्यांचे तर थेट “केन”. म्हणून शोध सुरू करण्याआधी एका कागदावर तक्ता करा: डावीकडे घरचं रूप, मग जुन्या कागदांवरची रूपं सालासकट, मग इंग्रजी स्पेलिंगं. व साठी व्ही आणि डब्ल्यू, ट-ठ-त-थ साठी टी आणि टी-एच, शेवटच्या ए साठी ई आणि ए-वाय, असे पर्याय धरले की साध्या आडनावाचीही सहा-आठ स्पेलिंगं होतात. पुढं प्रत्येक यादीत ही सगळी टाकून पाहायची आहेत. कंटाळवाणं काम आहे, पण “आमचं आडनाव कुठंच सापडत नाही” या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा एकच स्पेलिंग शोधलेलं असणं हेच असतं.

घराणं बडोद्यात आलं कधी?

वंशावळ जितक्या पिढ्या माहीत असेल तितक्या मांडा आणि पिढीला २५ ते ३० वर्षं धरून मागं मोजा. बडोद्यात सहा पिढ्या होत असतील तर साधारण १५० ते १८० वर्षं झाली. दहा-बारा पिढ्या असतील तर घराणं पिलाजीरावांच्या-दमाजीरावांच्या काळातलं.

हा हिशेब महत्त्वाचा अशासाठी, की मराठी माणूस बडोद्यात एकाच लाटेत आलेला नाही. पहिले आले ते फौजेबरोबर. पिलाजी गायकवाडांचा गुजरातेत जम १७२१ च्या सुमारास बसला आणि बडोदे १७३४ मध्ये कायमचं हाती आलं. या लाटेतली घराणी पागा (सरकारी घोडदळ) आणि शिलेदार (स्वतःचा घोडा आणणारे स्वार) यांची, त्यांच्याबरोबरचे कारकून, उपाध्ये, सावकार यांची. पेशवे आणि गायकवाड यांच्यात १७५२-५३ च्या सुमारास गुजरातेची वाटणी झाली, त्यानंतर पेशव्यांच्या निम्म्या हिश्श्यावर त्यांचे कमावीसदार, म्हणजे महसूल वसूल करणारे अधिकारी, आले. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर पुण्याकडची मंडळी रोजगारासाठी उरलेल्या मराठी दरबारांकडे वळली, त्यात बडोदेही होतं. चौथी लाट सयाजीराव तिसऱ्यांची. ते स्वतः मालेगावजवळच्या कवळाण्याचे, १८७५ मध्ये दत्तक आले. त्यांच्या कारकिर्दीत शिक्षक, इंजिनिअर, न्यायाधीश, चित्रकार, ग्रंथपाल अशी शिकलेली माणसं नेमणुकीवर आली. रियासतकार सरदेसाई आणि गायकवाडी विद्यावेतनावर परदेशी शिकून आलेले डॉ. आंबेडकर, दोघंही या दरबारच्या नोकरीत होते. पाचवी लाट संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाल्यानंतरची, मुख्यतः कारखान्यांच्या आणि कोयली रिफायनरीच्या काळातली. तीत खानदेशातली घरं पुष्कळ.

आपलं घर कोणत्या लाटेतलं हे कळलं की कागद कुठं शोधायचे ते आपोआप ठरतं. चौथ्या लाटेतल्या घरानं अठराव्या शतकातले मोडी कागद उपसण्यात अर्थ नाही. त्यांनी संस्थानची ‘आज्ञापत्रिका’ चाळावी, तीत नेमणुका आणि बदल्या छापून येत. पाचव्या लाटेतल्यांनी तर बडोद्यात वेळच घालवू नये, सरळ मूळ जिल्ह्याच्या जमिनीच्या कागदांकडे जावं.

घडण पाहा: -नीस, -दार, -वाले

आता आडनाव हातात घेऊन त्याचा शेवट पाहायचा. दरबारी शहर असल्यामुळे बडोद्यात हुद्द्यांची आडनावं मुबलक, आणि त्यांतच अर्थाचे घोटाळे सर्वांत जास्त. -नीस हा फारसी ‘नवीस’, म्हणजे लिहिणारा. पारसनीस हा फारसी पत्रव्यवहार लिहिणारा, त्याचा परिसाशी संबंध नाही. पोतनीस हा खजिन्याचा हिशेब ठेवणारा. इथलं ‘पोतं’ म्हणजे सरकारी तिजोरी, धान्याचं पोतं नव्हे. वाकनीस घडामोडींची टिपणं ठेवी. फडणीस हा मुळात ‘फर्द-नवीस’, म्हणजे फर्दा, याद्या लिहिणारा. ‘फड’ शब्द मागाहून चिकटवला गेला. जिन्सीवाले हे आडनाव ऐकून कोणालाही जिन्नस आणि किराणा आठवेल. शब्द एकाच मुळातला आहे खरा, पण मराठी लष्करात जिन्सी म्हणजे तोफखाना आणि त्याचं सामान. अशा आडनावांना आजची मराठी लावायची नाही. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशासारखा एकोणिसाव्या शतकातला कोश घ्यायचा, आणि त्यातही लष्करी किंवा दरबारी अर्थ वेगळा दिला आहे का ते शेवटपर्यंत वाचायचं.

हुद्द्यावरून आडनाव पडलं म्हणजे त्याआधी दुसरं काही होतं, हे लक्षात ठेवा. नाना फडणवीसांच्या घराण्याचं आडनाव भानू. फडणिशी वंशपरंपरेनं चालली आणि भानू मागं पडलं. म्हणून हुद्द्याचं आडनाव ओळखलं की काम संपत नाही, अर्धंच होतं. पुढचा प्रश्न असतो: हुद्दा मिळण्याआधी हे कोण? त्याचं उत्तर भाऊबंदांकडे नाहीतर गोत्र-कुलदैवताकडे असतं.

टोपणनावांची आडनावं (दहीभाते, पोटफोडे, आगलावे, उकिडवे असली) यांच्यावर डोकं खपवू नका. ती कुणा एका पूर्वजाच्या सवयीवरून, अंगकाठीवरून किंवा एखाद्या प्रसंगावरून पडलेली. प्रसंग कागदावर सापडणं जवळजवळ अशक्य. ती सुधारून घेण्याची हौस मात्र जुनी आहे. राजपत्रात जाहिरात देऊन आडनाव बदललेलं असू शकतं, तेव्हा आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावरचं आडनाव आणि वडिलांच्या नोकरीतलं आडनाव ताडून पाहा.

काही आडनावं तर आडनावाच्या रिवाजानं पडलेलीच नसतात. हिराबाई बडोदेकर हे नाव साऱ्या महाराष्ट्राला माहीत. त्यांचे वडील उस्ताद अब्दुल करीम खाँ, आई ताराबाई माने बडोद्याच्या, आणि जन्म मिरजेचा. भाऊ सुरेशबाबू माने. एका घरात सख्ख्या भावंडांची आडनावं अशी वेगळी असू शकतात, हे वंशावळ मांडताना विसरू नये.

-कर असेल तर : उलटा प्रवास

-कर लागलेलं आडनाव दिसलं की आधी गाव धरायचं. विणकरसारखा अपवाद क्वचित. तांबेकर म्हटल्यावर तांब्याचा धंदा मनात येतो, पण शोध सुरू करायचा तो तांबे, तांबवे अशा नावांच्या गावांपासून.

गावाच्या नावाला -कर लागताना शेवटचा स्वर किंवा अख्खं अक्षर गळतं. कालेलीचे कालेलकर झाले. सावंतवाडीजवळच्या त्या गावावरून आडनाव घेतलेले काकासाहेब बडोद्यात गंगनाथ विद्यालयात होते. संगमेश्वराकडच्या मावळंग्याचे मावळंकर झाले. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांचा जन्म १८८८ चा, बडोद्याचाच. तेव्हा उलटं जाताना -कर काढून उरलेल्या तुकड्याला ई, ए, आ लावून पाहा, मग -गे, -वे, -णे, -ली जोडून पाहा. मावळंकरमधला -कर काढला तर “मावळं” उरतं. एवढ्यावर थांबलात तर मावळ तालुक्यात जाऊन पोचाल आणि रत्नागिरी जिल्हा राहूनच जाईल.

मिळालेली संभाव्य नावं जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकांतल्या गावयाद्यांत किंवा सरकारच्या स्थानिक शासन निर्देशिकेच्या संकेतस्थळावर तपासा. महाराष्ट्रात चाळीस हजारांहून जास्त महसुली गावं आहेत आणि पिंपळगाव, वडगावसारखी नावं जिल्ह्याजिल्ह्यांत. इथं घरात गोळा केलेलं कुलदैवत कामी येतं. यादीत गाव सापडलंच नाही तर तीन शक्यता. ती वाडी असेल, स्वतंत्र महसुली गाव नसेल. वाड्या यादीत येत नाहीत, त्या सर्व्हेच्या नकाशांवर सापडतात. गाव बेचिराख झालेलं असेल. किंवा ते कोयना, उजनी, जायकवाडीसारख्या धरणाखाली गेलेलं असेल, आणि मग पुनर्वसित गावाचं नाव शोधावं लागतं. ब्रिटिशकालीन मुंबई इलाख्याच्या जिल्हा गॅझेटिअरांत अशा जुन्या नावांचा बऱ्याचदा पत्ता लागतो.

आता सगळ्यांना चकवणारी गोष्ट. मूळ गावात तुमचं आडनाव सापडणार नाही. गावात राहणाऱ्याला गावाच्या नावानं कोण हाक मारणार? -कर हे बाहेर पडल्यावर बाहेरच्यांनी लावलेलं असतं. गावात तेच घराणं जोशी, कुलकर्णी, पाटील किंवा आणखी कुठल्या कुळाच्या नावानं नांदत असेल. डॉ. आंबेडकरांच्या घराण्याचं आडनाव सकपाळ, गाव आंबडवे. गावात जाऊन “इथं आमच्या आडनावाचं कोणी आहे का” असं विचारणारे रिकाम्या हातानं परततात आणि गाव चुकलं असं समजतात. विचारायचं असं: या कुलदैवताचे, या गोत्राचे किंवा देवकाचे कोण आहेत, त्यांच्यातले कोणी फार पूर्वी गुजरातेत गेल्याचं ऐकलंय का, आणि ग्रामदेवतेच्या उत्सवात मान कुणाकुणाचा. तलाठ्याकडचे जुने फेरफार (जमिनीच्या हक्कांत झालेल्या बदलांच्या नोंदी) आणि तालुक्याच्या अभिलेख कक्षातले कागद त्यानंतर.

दफ्तर आणि मोडी कागद

पहिल्या तीन लाटांतल्या घराण्यांसाठी तीन ठिकाणं मुख्य: राज्य अभिलेखागाराच्या बडोद्यातल्या कार्यालयातलं गायकवाडी दफ्तर, पुण्याच्या पुराभिलेखागारातलं पेशवे दफ्तर, आणि पुण्याचंच भारत इतिहास संशोधक मंडळ. पेशवे दफ्तरातून सरदेसायांनी संपादून छापलेले ४५ खंड आधी पाहून घ्या. ते बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, आहेत आणि त्यांना सूची आहेत. छापील साहित्यासाठी १९१० मध्ये सुरू झालेलं बडोद्याचं सेंट्रल लायब्ररी हाताशी आहेच.

दफ्तरखान्यात “आमच्या आडनावाचे कागद द्या” असं म्हणून चालत नाही. कागद आडनावानं लावलेले नसतात, खात्यानं आणि सालानं रुमालांत (कापडी गाठोड्यांत) बांधलेले असतात. त्यामुळे मागताना खातं सांगायचं: पागा-शिलेदारांची हजेरी, इनाम, देवस्थान, वर्षासन (दरसाल मिळणारी नेमणूक), दक्षिणा. घराणं वैदिक-शास्त्र्यांचं असेल तर वर्षासनं आणि श्रावणमास दक्षिणेच्या याद्या, लढवय्यांचं असेल तर हजेरीपट. मूळ गाव जुन्या मुंबई इलाख्यात असेल आणि तिथं इनाम असेल, तर इनाम कमिशनपुढच्या (इनामांचे हक्क तपासायला ब्रिटिशांनी नेमलेल्या मंडळापुढच्या) कैफियती शोधाव्यात. हक्क सिद्ध करायला लोकांनी त्यांत वंशावळी जोडलेल्या आहेत. आपल्या घरात विसरलेल्या चार पिढ्या तिथं सलग मिळू शकतात.

अठराव्या शतकात आडनाव लिहिलंच जाई असं नाही. “बापूजी नारायण” एवढंच येतं. ब्राह्मणेतर नावांत “बिन” किंवा “वलद” या शब्दांनी बापाचं नाव दिलेलं असतं. म्हणून शोधायची ती नाव आणि बापाचं नाव यांची जोडी. मात्र आजोबाचं नाव नातवाला ठेवायची रीत असल्यानं तीच जोडी साठ वर्षांनी पुन्हा येऊ शकते. साल न पाहता दोन माणसं एक केली की मधल्या दोन पिढ्या वंशावळीतून उडतात. हाताने केलेल्या वंशावळींतली ही सर्वांत नेहमीची चूक.

साल वाचायला शिकणं त्यामुळे गरजेचंच. मराठी कागदांत शुहूर सन (त्या काळची दरबारी कालगणना) अरबी अंकशब्दांत येतो आणि एकंपासून सुरू होतो: इहिदे १, इसन्ने २, सलास ३, अर्बा ४, खमस ५, सीत ६, सबा ७, समान ८, तिसा ९. दशक: अशर १०, अशरीन २०, सलासीन ३०, अर्बैन ४०, खमसैन ५०, सितैन ६०, सबैन ७०, समानीन ८०, तिसैन ९०. मया १००, मयातैन २००, अलफ १०००. “इहिदे सितैन मया व अलफ” म्हणजे १ + ६० + १०० + १०००, शुहूर ११६१. हे वर्ष मृगापासून, मेअखेर-जूनपासून सुरू होतं. तेव्हापासून डिसेंबरपर्यंतच्या तारखेला ५९९ मिळवायचे, जानेवारी ते मेपर्यंत ६००. पानिपत जानेवारीतलं, म्हणून ११६१ + ६०० = १७६१. हिशेब बरोबर येतोय का ते या एका उदाहरणावर ताडून घ्या आणि मगच आपल्या कागदाला हात घाला. फसली, म्हणजे महसुली, सन शुहूरपेक्षा ९ नं पुढं असतो. शकात ७८ मिळवायचे (पौष-माघाच्या सुमारास जानेवारी उलटली की ७९).

बडोद्यात आणखी एक खाच आहे, विक्रम संवताची. गुजराती संवत कार्तिक शुद्ध प्रतिपदेला बदलतो, उत्तरेकडचा चैत्रात. गुजराती व्यापाऱ्याच्या खतावर किंवा दस्तावर संवत असेल तर दिवाळीनंतर डिसेंबरअखेरपर्यंत ५७ वजा करा, एरवी ५६. सरसकट ५७ वजा करणारे बाकीच्या दहा महिन्यांत एक वर्ष मागं जातात.

मोडी वाचून घ्यायची असेल तर जाणकाराला पानाचा तुकडा पाठवू नका. चारही कडा दिसतील असा पूर्ण पानाचा, वरून सरळ घेतलेला फोटो द्या, मागची बाजूही द्या. सन, शेरा आणि शिक्का बहुधा आपण कापून टाकतो त्याच भागात असतो. लिप्यंतर ओळीला ओळ हवं म्हणून सांगा, नुसता सारांश नको. आडनावाचं रूप सारांशात सुधारून लिहिलं जातं आणि आपल्याला हवं असतं नेमकं न सुधारलेलं.

क्षेत्रोपाध्यांच्या वह्या

नाशिक-त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया, प्रयाग इथल्या तीर्थपुरोहितांकडे यजमानांच्या वह्या असतात. बडोदेकरांनी जवळचं नर्मदाकाठचं चांदोद वगळू नये, श्राद्धकर्मासाठी इथली घरं पिढ्यान्‌पिढ्या तिथं जात आली. पूर्वज आले तेव्हा त्यांनी किंवा उपाध्यांनी नाव, बाप-आजाची नावं, भाऊ, मुलगे आणि गाव लिहून ठेवलेलं असतं. कुणाचे उपाध्ये कोण हे गावावरून आणि ज्ञातीवरून ठरतं, म्हणून मूळ गाव ठाऊक झाल्यावर गेलेलं बरं. गाव माहीत नसेल तर “बडोदे” सांगून पाहा, कारण स्थलांतरानंतरच्या यात्रांची नोंद त्या नावाखाली असू शकते. पानाचा फोटो काढण्याआधी विचारा, दक्षिणा आधी ठरवा, आणि आपल्या पिढीची नावं त्यात लिहवून या. नोंद पाहताना लेख मूळचा आहे की नव्या वहीत उतरवलेला, हे विचारायला विसरू नका. उतरवताना आडनाव त्या वेळच्या चालीचं केलेलं असू शकतं.

किती घरं? कुठं कुठं?

“दुर्मीळ” हे मोजल्याशिवाय म्हणू नये. जनगणनेत आडनावनिहाय आकडे छापत नाहीत, संस्थानी काळातल्या अहवालांतही जाती आहेत, आडनावं नाहीत. इंटरनेटवरची आडनावांची संकेतस्थळं जगभराचा नेमका वाटावा असा आकडा देतात, पण तो नमुन्यावरून काढलेला अंदाज असतो. शिवाय ती रोमन स्पेलिंगवर मोजतात, त्यामुळे काणे आणि इंग्रजांतले केन एका खात्यात पडतात. दुर्मीळ आडनावाला तो आकडा निरुपयोगी.

हातानं मोजायला मतदारयादी सर्वांत बरी. शहरातले बडोदे शहर, सयाजीगंज, अकोटा, रावपुरा आणि मांजलपूर हे पाच मतदारसंघ घ्या, जुन्या मराठी वस्तीसाठी आधी रावपुरा. यादी गुजरातीत असते, म्हणून तक्त्यातली सगळी रूपं गुजरातीतही करून ठेवा. मोजायचे मतदार नाहीत, घरं. एका घर क्रमांकावरचे सहा मतदार म्हणजे एक नोंद. मग वडिलांच्या-आजोबांच्या नावांवरून घरं एकमेकांना जोडत जा. शहरात पाच घरं आहेत आणि सगळी एका पणजोबावर येऊन मिळतात असं दिसलं, तर बडोद्यापुरतं ते एका कुटुंबाचं आडनाव. घरं जुळतच नसतील, जातीही वेगळ्या असतील, तर एकच आडनाव दोनदा स्वतंत्रपणे तयार झालं असण्याची शक्यता जास्त. -कर आडनावांत तर हे सर्रास होतं, एका गावातून बाहेर पडलेला कुठल्याही जातीचा माणूस तेच आडनाव लावू शकतो.

त्यानंतर हाच शोध मूळ जिल्ह्यात, पुण्या-मुंबईत आणि इंदूर, ग्वाल्हेर, झाशी, देवास, धार, तंजावर या मराठी वस्त्यांत करा. सरदारांबरोबर एक भाऊ गुजरातेत, दुसरा माळव्यात असं पुष्कळ घराण्यांत झालं आहे. बडोद्यात तीन घरं आणि ग्वाल्हेरात चार सापडली, मूळ तालुक्यात एकही नाही, तर आडनाव बाहेर पडल्यावर पडलं हा तर्क बळकट होतो, आणि ग्वाल्हेरच्या घरातले कागद पाहायलाच हवेत. लग्नाच्या वधू-वर सूची आणि ज्ञातिमंडळांच्या जुन्या स्मरणिकाही चाळा. त्यांत गोत्र आणि मूळ गाव छापलेलं असतं, मतदारयादीत ते कधीच मिळत नाही.

शेवटी आडनावाची नोंद लिहून ठेवा, दोन पानांची पुरे. वर रूपांचा तक्ता सालासकट, मग वंशावळ (सुनांची माहेरची आडनावंही घाला), मग मूळ गाव, मग अर्थ. प्रत्येक विधानापुढं तीन खुणांपैकी एक करा: कागदावर पाहिलं, वडीलधाऱ्यांकडून ऐकलं, तर्क केला. कागद पाहिला असेल तर दफ्तराचं नाव, रुमाल क्रमांक आणि सन तिथंच टाका, कारण दुसऱ्यांदा तो रुमाल मागवायची वेळ येतेच. एक प्रत भाऊबंदांतल्या प्रत्येक घरी द्या. त्यातल्या एखाद्या घरातून “हे चुकलंय” म्हणून फोन आला आणि समोरच्याकडे त्याचा कागद निघाला, तर खूण बदलून पुढची प्रत काढा.